कुलपाआडचा पंखा

पहाटेचे सव्वापाच. एप्रिलचा शेवटचा आठवडा, शुक्रवार. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या सबस्टेशनपाशी मी उभा आहे. जाळीच्या कुंपणाआड ट्रान्सफॉर्मर घुमतो आहे. पायाशी खडी, खडीत वाळलेलं गवत. कडुनिंबावर साळुंक्यांची कलकल नुकती सुरू झाली आहे. माणसं म्हणाल तर आम्ही दोघंच.

माझ्याबरोबर आहेत ते इथले वायरमन. सगळं आवार त्यांना मामा म्हणतं. विद्यार्थीही, प्राध्यापकही. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात पक्कड, टेस्टर, टेपचा गुंडाळा आणि टाँग टेस्टर. हा टाँग टेस्टर म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखं उघडणारं मीटर. वायर न तोडता तिच्याभोवती अडकवायचं, आतून किती करंट वाहतो ते कळतं.

"ऐका," मामा म्हणतात. आम्ही गप्प राहतो. घूंऽऽ असा एकसुरी आवाज. इकडून 11,000 व्होल्ट आत येतात, तिकडून 433 व्होल्ट बाहेर पडतात. सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होणारी वीज लोखंडी गाभ्याला थरथरवते, त्याचा हा आवाज. आवारात एकही दिवा लागलेला नसला तरी हा गाभा थोडी वीज खातच असतो. दिवसाही, रात्रीही.

मीटरच्या पडद्यावर आकडे सरकतात. युनिट, केव्हीए, पॉवर फॅक्टर. मामा बोटानं बटण दाबत एकेक थांबवतात आणि वहीत उतरवतात. वहीच्या कडा तेलकट झाल्या आहेत. एप्रिल 2020 पासून महाराष्ट्रात उच्चदाबाच्या ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर येतं. म्हणजे कामाला आली तेवढ्याच विजेचे पैसे, असं आता राहिलेलं नाही. मोटारी आणि जुने चोक जी वीज नुसती ओढून परत ढकलतात, तिचाही भार बिलात दिसतो. म्हणून कोपऱ्यातल्या कपाटात कॅपॅसिटर बसवले आहेत. मधूनच तिथून खट्ट असा आवाज येतो.

"रात्रीचा आकडा खरा," वही मिटत मामा म्हणतात. "दिवसा सगळेच वापरतात. रात्री कोण वापरतंय, ते शोधायचं."

आम्ही चालायला लागतो.

रस्त्याच्या कडेचे दिवे अजून चालू आहेत. पूर्वेला तांबूस रेघ उमटली आहे. मानव्यविद्येच्या इमारतीचा जिना चढतो. व्हरांड्यात पाण्याच्या कूलरचा कॉम्प्रेसर सुरू होतो, थोडा वेळ गुरगुरतो, थांबतो. रात्रभर त्याचं हेच चाललेलं असणार. प्यायला कुणी नाही. नळाखालची फरशी कोरडी आहे. तरी आतलं पाणी गार ठेवलं जातं आहे.

पुढं गेल्यावर मामा हात वर करतात. थांबा.

खोली नंबर 14. दाराला कुलूप. आतून आवाज येतो. टक, टक, टक. पंख्याचं एक पातं कशाला तरी पुसटसं घासत असावं. मी टाचा उंचावून झरोक्यातून बघतो. अंधारात रिकामे बाक. त्यांच्यावर सहा पंखे फिरताहेत. फळ्यावर कालचं काहीतरी लिहिलेलं आहे. शेवटच्या बाकावर विसरलेला एक कागद वाऱ्यानं उचलला जातो, पुन्हा पडतो.

"काल पाचला लाइट गेली होती," मामा सांगतात. "पोरं उठून गेली. शिपायानं कुलूप घातलं. सातला लाइट आली. बटणं चालूच होती, कुणाला काय कळणार?"

"उघडायचं?"

"किल्ली विभागात. विभागाला कुलूप. त्याची किल्ली शिपायाच्या घरी."

"आणि एमसीबी?"

मामा दाराकडं बोट दाखवतात. या मजल्याचा डीबी, म्हणजे वीजवाटपाची पेटी, आतल्या खोलीत आहे. तिलाही कुलूप.

जुन्या पंख्याला साधारण 75 वॉट लागतात. सहांचे 450. संध्याकाळी सातपासून सकाळी दहापर्यंत 15 तास. पावणेसात युनिट. फार नाही. पण आम्ही व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातो तेवढ्यात आणखी दोन दारांमागून तोच आवाज येतो. एका झरोक्यातून ट्यूबचा पांढरा उजेड सांडतो आहे. या आवाराला असे किती व्हरांडे आहेत, हे मी मनात मोजतो.

सात वाजता वसतिगृह. इथं जाग आहे. नळापाशी बादल्यांची रांग लागली आहे. निळ्या, लाल, एक फुटकी हिरवी. बादल्यांचे मालक भिंतीला टेकून मोबाइल बघताहेत. टाकी अर्धीच भरली आहे. बोअरची मोटर चार वाजल्यापासून चालू आहे.

बोअर खोल आहे. 1,000 लिटर पाणी 100 मीटर वर आणायला हिशेबानं पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. प्रत्यक्षात पंप, मोटर आणि पाइपातलं घर्षण मिळून ती दुपटी-अडीचपटीवर जाते. इथं पाणी वाया घालवणं म्हणजे वीजच वाया घालवणं. उलटंही तितकंच खरं. कोळशावरची वीज पाण्याशिवाय होत नाही. परळीच्या वीजकेंद्राचे संच 2013 आणि 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. ते ज्यांनी पाहिलं, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

न्हाणीघरातला एक नळ गळतो आहे. मामा पिशवी खाली ठेवतात. हे काम त्यांचं नाही, प्लंबरचं आहे. तरी पान्ह्यानं दोन आटे आवळतात. गळती थांबते.

वरच्या मजल्यावर दारं उघडी आहेत. खिडक्यांत कूलर बसवलेले. वाळ्याचा ओला वास येतो. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणून इथं कूलर चांगला गारवा देतो. त्याला 150 ते 200 वॉट पुरतात. दीड टनाच्या एसीला चालू असताना दीड किलोवॉटच्या आसपास लागतात. हवामान ओळखून निवडलेलं साधन किती वीज वाचवतं, ते या खिडक्यांत दिसतं. पोरांना तो हिशेब ठाऊक असो-नसो, रात्रीची झोप त्यांना मिळते.

साडेअकरा. ऊन आता डोळ्यांत घुसतं आहे. डांबर मऊ पडलं आहे. चपलेला चिकटतं.

परीक्षा विभाग जुन्या दगडी इमारतीत आहे. काळा बसाल्ट, दोन फुटांची भिंत, उंच छत, चहूबाजूंनी व्हरांडा. पायरी चढून आत आलं की घाम लगेच गार वाटतो. या भिंती दिवसभर ऊन पीत राहतात आणि ते आत पोचेस्तोवर संध्याकाळ होते. बांधणाऱ्यांपाशी एसी नव्हता. त्यांनी सावलीचा विचार केला होता.

खिडकीपुढं रांग आहे. तीस-पस्तीस जण. मार्कलिस्टची दुरुस्ती, मायग्रेशन, चलनाची झेरॉक्स. एक मुलगी फाइलनं वारा घेते आहे. तिच्या मागचे काका बहुधा तालुक्याच्या गावाहून पहिल्या एसटीनं आलेले. पायाशी पाण्याची बाटली, डोक्याला उपरणं. डोक्यावरचा पंखा फिरतो आहे, पण इतका संथ की पाती मोजता येतात. मामा वर बघतात. "कंडेन्सर गेलाय," म्हणतात आणि वहीत लिहितात.

खिडकीच्या आत मात्र वेगळा ऋतू आहे. उंच छताखाली खोटं छत घातलेलं आहे. वरचे झरोके जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांनी बुजले आहेत. एसीवर 18 असा आकडा चमकतो. टेबलामागच्या मॅडमनी खांद्यावरून शाल घेतली आहे. दार लागत नाही. दर दोन मिनिटांनी कुणीतरी आत जातं आणि गार हवेचा एक झोत रांगेतल्या पहिल्या माणसापर्यंत येतो. तो डोळे मिटून घेतो.

मामा आत जातात. हळूच विचारतात, "मॅडम, 24 करू का?" मॅडम शाल सावरत म्हणतात, "करा हो. मला तर रिमोटच सापडत नाही." रिमोट ड्रॉवरमध्ये, शिक्क्यांच्या खाली निघतो. 24 अंश. एकेक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचे नवे रूम एसी कारखान्यातूनच 24 वर लावून येतात. हा एसी त्याआधीचा असावा. मामा दाराच्या बिजागरीत कागदाची घडी घालतात. दार लागतं.

दुपारी एकला पुन्हा मानव्यविद्येकडं. खोली नंबर 14 आता भरली आहे. साठेक मुलं-मुली. तेच सहा पंखे, तीच टकटक. पण आता त्या वाऱ्याखाली केस उडताहेत, वह्यांची पानं हातानं दाबून धरली जाताहेत. शिकवणाऱ्या सरांचा शर्ट पाठीला चिकटला आहे. इथं एक पंखाही बंद करण्याचा विचार मनात येत नाही. येऊही नये. हाच वारा रात्रभर रिकाम्या बाकांवर फिरत होता.

पंखेच बदलले तर? बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा 30-35 वॉटमध्ये देतो. दिवसाला दहा तास आणि वर्षाला 220 दिवस धरले, तर एका पंख्यामागं 90 युनिटांच्या आसपास वाचतात. एवढ्या खोल्यांचं एकदम होणार नाही, हे मामांना माहीत आहे. जळेल तो पंखा नव्या जातीचा आणायचा, एवढं त्यांनी स्टोअरमध्ये लिहून दिलं आहे.

दारासमोरच्या फळ्यावर एक भित्तिपत्रक आहे. 14 डिसेंबरच्या राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनाचं. हिरवी पृथ्वी, पिवळा बल्ब, मुलांच्या अक्षरात घोषणा. चार महिन्यांत रंग उडाले आहेत. चित्र काढणाऱ्यानं मन लावून काढलं आहे, ते अजून दिसतं.

नवी इमारत रस्त्यापलीकडं. दर्शनी भागाला खालपासून वरपर्यंत काच. तोंड पश्चिमेला. अडीच वाजता सूर्य नेमका तिच्यावर येतो. बघताना डोळ्यांवर हात धरावा लागतो. आतल्या लोकांनी जाड पडदे ओढले आहेत. पडद्यांमुळं अंधार होतो, म्हणून दिवे लावले आहेत. दिव्यांनी आणि काचेनं उकडतं, म्हणून एसी. बाहेर लख्ख ऊन असताना आत रात्रीसारखी व्यवस्था. इमारतीचं तोंड कागदावर ठरलं, त्याच दिवशी तिचं पुढच्या कित्येक वर्षांचं वीजबिलही ठरलं.

याच इमारतीत प्रयोगशाळा आहेत. रसायनशास्त्राच्या दाराशीच वास येतो. आत चार फ्यूम हूड आहेत. काचेची सरकती झडप, मागं धुराडं, वर छतावर पंखा. विषारी वाफा माणसाच्या नाकात जाऊ नयेत म्हणून ही हवा ओढून बाहेर फेकली जाते. पण वाफेबरोबर खोलीतली गार केलेली हवाही जाते. ती भरून काढायला बाहेरची चाळीस अंशांची हवा आत येते आणि एसी तिच्या मागं लागतो. एका हूडपुढं कुणी नाही. झडप पूर्ण वर आहे. मामा तिथल्या मुलीला विचारतात, "ताई, हे खाली घेऊ?" ती मान हलवते. झडप सरकत खाली येते. आवाजाची पट्टी बदलते. हूड बंद केलेला नाही, सुरक्षिततेला हात लावलेला नाही. नुसतं तोंड मिटलं आहे.

शेजारच्या खोलीत डीप फ्रीझर. उणे 80. दारावर नावांच्या चिठ्ठ्या. कुणाची तीन वर्षं आत आहेत, कुणाची पाच. असा एक जुना फ्रीझर दिवसाला 16 ते 20 युनिटं खातो. एका कुटुंबाच्या घराला लागतात त्याहून जास्त. पुष्कळ नमुने उणे 70 लाही नीट टिकतात आणि विजेत मोठा फरक पडतो. पण पीएचडीच्या पोराला हे नुसतं सांगून चालत नाही. तो फ्रीझरच्या दारावर हात ठेवून उभा आहे. "सर, लाइट गेली की मी वसतिगृहातून पळत येतो," तो म्हणतो. त्याची भीती खरी आहे. मामा त्याला दाराचं रबर दाखवतात. बर्फ साचून रबर वर उचललं गेलं आहे. "हा बर्फ काढ आधी. मग बाकीचं बघू." दोघं मिळून प्लास्टिकच्या पट्टीनं बर्फ खरवडायला लागतात. फरशीवर पांढरा भुगा पडतो आणि बघता बघता त्याचं पाणी होतं.

साडेतीन. आम्ही गच्चीवर. लोखंडी दाराची कडी हाताला चटका देते. स्लॅब तापला आहे. चपलेतूनही कळतं. ही उष्णता आता हळूहळू खाली झिरपेल आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या रात्री दहापर्यंत भट्टीसारख्या राहतील. गच्चीच्या एका भागाला मागच्या उन्हाळ्यात पांढरा थर दिला होता. मी तिथं हात टेकतो. हात ठेवून राहता येतं. पाच पावलांवरच्या उघड्या काँक्रीटवर नाही राहता येत.

उरलेल्या भागात सोलर पॅनलच्या रांगा. एक किलोवॉटचे पॅनल इथल्या उन्हात दिवसाला सरासरी चारेक युनिट देतात. पॅनलवर बोट फिरवतो. बोटाला पिठासारखी धूळ लागते. मामा खाली फोन करून सांगतात, उद्या सकाळी ऊन चढायच्या आत धुवायचे, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. खाली रस्त्यावर कुत्रं गाडीच्या सावलीत लवंडलं आहे. याच उन्हातून वीज होते आहे. मोठ्या ग्राहकांना दुपारची वीज आता स्वस्त पडते, संध्याकाळची महाग. म्हणून बोअरची मोटर यापुढं पहाटेऐवजी दुपारी चालवायची, असं मामांच्या मनात आहे. रेक्टर सरांशी बोलायचं राहिलं आहे.

पाच वाजता संगणक कक्ष सुटतो. साठ यंत्रं. मुलं उठतात, पडदे उजळलेलेच राहतात. यंत्र आणि पडदा मिळून 100 वॉट धरले, तर खोलीत सहा किलोवॉट. कक्षातल्या मॅडम शेवटच्या रांगेपासून सुरुवात करतात. वाकतात, बंद करतात, पुढं सरकतात. साठ वेळा. "रोज?" मी विचारतो. "रोज," त्या म्हणतात. कंबरेला हात लावून सरळ होतात आणि दाराकडची मुख्य कळ खाली ओढतात. खोली शांत होते. ही शांतता किती मोठी आहे, ते तेव्हा कळतं.

रात्रीचे नऊ. अभ्यासिका.

इथं चपला काढून आत जायचं. दाराबाहेर शंभरेक जोड. आत लांब टेबलं, कोपराला कोपर लागेल इतकी जवळ बसलेली मुलं. स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं, पानोपानी पिवळी रेघ. कुणाच्या शेजारी डब्यातली अर्धी भाकरी, कुणाच्या पायाशी पाण्याचा जार. कुणी बोलत नाही. वर एलईडीच्या पट्ट्या आहेत. पूर्वी 40 वॉटच्या नळ्या होत्या, चोकसकट पन्नासेक वॉट खाणाऱ्या. आता तोच उजेड 20 वॉटमध्ये पडतो आहे. पुस्तकावर काही कमी झालेलं नाही.

एका मुलाशी बाहेर बोलतो. वडिलांची तीन एकर कोरडवाहू. घरी रात्री वीज असेलच असं नाही, म्हणून सुट्टीतही तो गावी जात नाही. "इथला लाइट जात नाही," तो म्हणतो. "गेला तरी जनरेटर आहे." तो परत आत जातो. जागेवर बसून पुस्तक उघडतो.

कडक उन्हात मामांबरोबर इतकं फिरलो, ते या उजेडासाठी. तो इथं पडायला हवा, हवा तितका. एका युनिटामागं आपल्याकडं सरासरी 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो या टेबलांसाठी जात असेल, तर त्याचा जाब देता येतो. रिकाम्या बाकांसाठी गेला, तर कुणाला काय सांगणार?

साडेदहा. शेवटची फेरी. आज मामांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा आहे. संध्याकाळी त्यांनी विभागाच्या शिपायाला गाठून सांगितलं होतं, जाताना जुडगा वॉचमनपाशी ठेव, वहीत सही कर. शिपाई कुरकुरला नाही. त्याला कुणी याआधी विचारलंच नव्हतं.

मानव्यविद्येचा व्हरांडा. हवा अजून तापलेली. खोली नंबर 14 पाशी आम्ही थांबतो. मामा दाराला कान लावतात. मीही लावतो. लाकूड कोमट आहे. आत काहीच आवाज नाही.

पुढची खोली. शांत. त्यापुढची. शांत. 17 पाशी मामा बोट वर करतात.

आत पंखा.

आज शुक्रवार. ही खोली आता थेट सोमवारी सकाळी उघडेल. संध्याकाळी साडेपाचपासून धरले तर साडेचौसष्ट तास. एकट्या पंख्याची पाच युनिटं होत आली असती. मामा टॉर्च तोंडात धरतात आणि किल्ल्या एकेक करून बघतात. तिसरी लागत नाही. पाचवी लागते. दार कुरकुरत उघडतं. खडूचा आणि तापलेल्या भिंतींचा वास येतो. मामा अंधारातच बटण शोधतात. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचा हात. चुकत नाही.

खट्ट.

पंखा लगेच थांबत नाही. पाती आधी एकमेकांत मिसळलेली असतात. मग वेगळी दिसायला लागतात. एक, दोन, तीन. शेवटचा अर्धा फेरा घ्यायला त्यांना फार वेळ लागतो. मामा तोवर दारात उभे राहतात. मग कुलूप लावतात, ओढून बघतात.

लांबून, झाडांपलीकडून, ट्रान्सफॉर्मरचा घुमारा ऐकू येतो. मामा पिशवी खांद्यावर घेतात.

"चला," म्हणतात. "वरचा मजला राहिलाय."